पच्चा म्हणजे कोणता रंग?

आमच्या ह्यांनी आदिलाबादच्या बाजारातलं इलेक्ट्रिकचं दुकान मुलाच्या ताब्यात दिलं आणि त्याच आठवड्यात घराची वरची खोली स्वतःच्या ताब्यात घेतली. ती खोली तोवर माझी होती. कुरडया, मिरच्या, हळद, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं तिथं असायचं. एक दिवस वर गेले तर मिरच्यांचं पोतं जिन्यात आलेलं, आणि खोलीभर प्लायवूडचं टेबल. टेबलावर रूळ, रुळांवर इंजिन. जन्मभर शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या माणसानं हैदराबादहून आगगाडी मागवली होती.

"हे खेळणं नाही," माझा चेहरा पाहून हे म्हणाले. "मॉडेल हाय."

"मंग माह्या मिरच्या काय खेळणं हायत?"

यावर त्यांनी गाडी सुरू केली.

आता खरं सांगायचं तर काम देखणं होतं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या तोडून त्यांनी रुळांकडेला झाडी उभी केली होती, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा बोगदा केला होता. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचं शेत झालं होतं, हे मला नंतर कळलं. स्टेशनावर तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत आदिलाबाद लिहिलेलं होतं. फरक एवढाच की खऱ्या आदिलाबादला बहुतेक गाड्या येऊन थांबतात, पुढे कुठं जायचं त्यांना कामच नाही. आणि आमच्या आदिलाबादला गाडी गोल गोल फिरत राहायची, थांबायचं नाव घ्यायची नाही. मी हे बोलून दाखवलं तर दोन दिवस अबोला धरला त्यांनी. मला ते दोन दिवस बरे गेले.

त्याच वर्षी घरात सून आली. मुलाचं स्वतःचं जमवलेलं लग्न. मुलगी बेल्लमपल्लीची, तेलुगू बोलणारी, बोथच्या सरकारी शाळेत गणित शिकवणारी. तिचे वडील कोळशाच्या मालगाड्या चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर. रेल्वेच्या क्वार्टरात आईविना वाढवली त्यांनी तिला. लग्नात ते शेवटपर्यंत उभेच होते. निघताना माझ्याजवळ आले आणि हिंदीत म्हणाले, "वदिनगारु, हमारे घर में इसका आवाज इंजन के हॉर्न के ऊपर सुनाई देता था. तुम्हारे यहाँ भाषा नहीं, बोलनेवाला नहीं. चुप हो जाएगी. वो मैं देख नहीं सकता." वदिनगारु म्हणजे त्यांच्याकडे विहिणीला म्हणायचा मानाचा शब्द. मान दिला, पण त्यानंतर वर्षभर आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

मला राग आला होता. आम्ही काय पोरीचं तोंड शिवून ठेवणार होतो? पण वर्षभरात मला दिसत गेलं की माणूस खोटं बोलला नव्हता. माझ्याशी ती स्वयंपाकघरात अर्धं मराठी, अर्धं तेलुगू असं बोलायची, तेही हळू, शाळेच्या पुस्तकातून वाचल्यासारखं. आणि ह्यांच्याशी तर मुळीच नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. हे सुनेसमोर आले की यांची जीभ टाळूला चिकटायची, आणि ते पाहून तिचीही. दोघं एका खोलीत असले तरी सगळं बोलणं माझ्यामार्फत.

"तिले विचार, चहा घेते काय."

ती हातभर अंतरावर उभी असायची. तिची अत्तम्मा म्हणजे सासू मी, आणि मामय्या म्हणजे सासरे हे. "अत्तम्मा, मामय्यांना सांगा, घेतला."

मी दोघांकडे पाहायचे आणि पोळ्या लाटायचे. संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन वडिलांना फोन करायची. तिकडून काय विचारत असतील ते कळत नव्हतं, पण इकडून एकच शब्द यायचा, "बागुन्ना, बागुन्ना." बरी आहे, बरी आहे. इतक्या बारीक आवाजात सांगितलेलं बरं कोणता बाप खरं मानेल? मला तिचं फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस ती शाळेतून आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अत्तम्मा, नान्ना येणार. पुढच्या रविवारी. जेवणार आणि दुपारच्या बसनं जाणार."

"बाप येऊन राह्यला, मंग चांगलंच हाय की."

"ते जेवायला नाही येत. मला पाहायला येतात." तिचे डोळे भरले. "मी गप्प बसलेली दिसली तर ते परत कधीच नाही येणार. आणि मामय्यांशी तर माझं बोलणंच नाही."

मी तिला पाणी दिलं आणि ह्यांना सांगायला वर गेले. सगळं नीट समजावलं. ड्रायव्हर व्याही येताहेत, पोरगी घाबरली आहे, जरा दोन शब्द तिच्याशी बोलत जा. हे गंभीर झाले. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, चला, माणसाला पाझर फुटला.

"इवाई येऊन राह्यले," हे म्हणाले, "आन आपल्या लाइनीवर एक सिग्नल नाही! डायवर मानूस हाय. पह्यले तो सिग्नलच पाहीन."

मी खाली आले. असल्या वेळी बोलले तर शब्द वाया जातात.

तर अशा रीतीनं आमच्या घरी रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. तेही साधे नाहीत, आपोआप चालणारे. गाडी सिग्नल ओलांडून गेली की तो आपला आपण लाल व्हायचा. ती पुढच्या टप्प्यात गेली की पिवळा, त्याच्याही पुढे गेली की हिरवा. कोणी बटण दाबायचं नाही. त्यासाठी ह्यांनी रूळ जागोजागी कापून त्यांचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला टेबलाखाली एक रिले बसवली, म्हणजे करंट आला की कट्ट करून आपोआप दाबलं जाणारं बटण. गाडी कुठं आहे ते रुळांना कळणार होतं. घरातलं माणूस कुठं आहे, जेवलं की नाही, हे ह्यांना कधी कळलेलं मला आठवत नाही.

सिग्नलचे खांब निर्मलच्या एका खेळणीवाल्यानं करून दिले. हलक्या लाकडाचे, सुबक. फक्त त्याच्या हाताला सवय पडलेली, म्हणून प्रत्येक खांबावर सोनेरी वेलबुट्टी आली. हे हळहळले. मला ते आवडले.

आता खांबांत दिवे आणि दिव्यांच्या वायरी टेबलाखाली. दिवे असे होते की विझलेले असताना सगळे सारखेच पांढरे, पेटल्यावरच रंग कळायचा. आणि वायरी? शहाण्या माणसानं लाल दिव्याला लाल वायर लावली असती. पण दुकानात एक गुलाबी वायरीचं बंडल कित्येक वर्षं पडून होतं, कोणी घेईना. ते आता कामाला आलं. एकूण एक वायर गुलाबी. त्यामुळे ह्यांनी टेबलाखाली निजून एकेका वायरीला करंट लावायचा, वर बसलेल्या माणसानं कोणता रंग पेटला ते सांगायचं, आणि मग हे ती वायर त्या रंगाच्या जागी जोडणार. वर बसायला पहिल्यांदा मला बोलावलं.

"पेटला," मी म्हटलं.

"कोनता?"

"पेटला ना एक."

"लाल, पिवळा का हिरवा?"

"तिकडं खाली वरन उतू चाललंय. या वर आन तुमीच पाहा."

माझी नेमणूक तिथंच रद्द झाली. मुलगा दुकानात. उरली सून. मीच तिला वर पाठवलं, थोडं मुद्दाम आणि थोडं वरणापायी.

पहिल्या संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. टेबलाखाली हे, टेबलाजवळ स्टुलावर ती. मग अगदी बारीक, "मामय्या, एर्रा."

"आं?"

"एर्रा."

"मोठ्यानं बोल वं! इथं रिले कटकट करून राह्यली, काई आयकू येत नाही!"

"एर्रा!"

"हां! लाल. पुढचा?"

ते एकमेकांना दिसत नव्हते, म्हणून बोलत होते. हे साधं गणित मला वर्षभर सुचलं नव्हतं. रोज संध्याकाळी शाळेतून आली की चहा पिऊन ती वर जायची. हळूहळू आवाज जिन्यातून खाली यायला लागला, मग स्वयंपाकघरापर्यंत. मग एक दिवस कणीक मळताना मी दचकले. वर कोण ओरडतंय?

"मामय्या, हात काढा तिथून! धूर येतो आहे!"

"येऊ दे, थोडासाच हाय!"

"थोडासा काऊन येऊ द्यायचा?"

काऊन! आमच्या तोंडचा शब्द तिच्या तोंडी पहिल्यांदाच ऐकला मी. मी या घरात आले तेव्हा भाषा माझीच होती, तरी माझा आवाज या जिन्याखाली उतरायला वर्षं गेली. मला आनंद झाला आणि खरं सांगते, थोडा हेवाही वाटला.

पण गंमत अशी की हे टेबलाखालून बाहेर आले, कपडे झटकले, समोर सून दिसली, की पुन्हा जुनं सुरू. मान खाली, तोंड माझ्याकडे.

"तिले सांग, आजचं काम झालं."

"तिलेच सांगा की. एवढा वेळ कोनाशी वरडत व्हते?"

हे हात धुवायला निघून जायचे. आणि ती पदर सारखा करत पुन्हा पुस्तकातलं मराठी बोलायला लागायची. रविवार जवळ येत होता आणि मला घोर लागला होता. व्याह्यांसमोर ह्यांना टेबलाखाली तर बसवून ठेवता येणार नाही.

रविवारी व्याही लवकरची बस धरून आले. आम्ही त्यांची वाट अकराच्या सुमाराला पाहत होतो. दारात रिक्षा थांबली तेव्हा हे वर शेवटचा सिग्नल जोडत होते. एकदासुद्धा गाडी चालवून पाहायला मिळाली नाही. तसेच खाली आले, कपाळाला धूळ, हातात गुलाबी वायरीचा तुकडा. व्याही पांढऱ्या शर्टात, ताठ, केसांना तेल. हातातली पिशवी त्यांनी दाराजवळच ठेवली. मी आत न्यायला वाकले तर म्हणाले, "रहने दो वदिनगारु, अभी निकलना है."

जेवण कसं झालं ते विचारू नका. मी पुरणपोळी केली होती, त्यांनी भात मागितला. मुलगा एकटाच हवापाण्यावर बोलत होता, त्यालाही दुकानातून फोन आला आणि तो सुटला. ती वाढत होती आणि खाली पाहत होती. व्याही जेवत कमी होते, तिच्याकडे पाहत जास्त होते. हे मध्येच जिन्याकडे सरकू पाहत होते, गाडी तपासायला; मी डोळे वटारून बसवलं. एकदा तूप हवं होतं तर मला म्हणाले, "तिले सांग, तूप." तूप तिच्याच हातात होतं. व्याही पाणी प्यायले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

हात धुतल्यावर आम्ही सगळे वर गेलो. खांबांवरची सोनेरी वेलबुट्टी पाहून व्याही पहिल्यांदा जरा हसले. ह्यांनी गाडी चालवायचा नॉब मानानं त्यांच्या हातात दिला. व्याह्यांना तिकडं मानानं बावगारु म्हणतात. "आप चलाओ बावगारु. सिग्नल ऑटोमॅटिक है."

व्याह्यांनी चष्मा लावला. गाडी स्टेशनातून निघाली, मागचा सिग्नल कट्ट करून लाल झाला. ह्यांची छाती फुगली. मग पुढचा सिग्नल पेटला, तो पिवळा.

"पच्चा," व्याही म्हणाले आणि त्यांनी गाडी हळू केली.

ह्यांनी डोळे चोळले. पुढे लाइन पूर्ण मोकळी, गाडी एकच, मग पिवळा कसा? "चलाओ चलाओ, बावगारु. आगे कोई नहीं, लाइन क्लियर है."

"पच्चा है जी."

"पच्चा है तो चलाओ ना!"

"पच्चा है इसलिए तो धीरे."

गाडी सरपटत पुढच्या सिग्नलशी आली. तोही पिवळा. त्याच्या पुढचाही पिवळा. पिवळा म्हणजे पुढे थांबायची तयारी ठेव, आणि व्याही प्रत्येक सिग्नलला इमानदारीनं थांबायची तयारी ठेवत होते. मी खाली जाऊन सगळी भांडी घासून आले असते तरी इंजिन बोगद्यातच सापडलं असतं.

"उसको ग्रीन समझो, बावगारु," हे काकुळतीला आले. "थोडा कलर का मिस्टेक है."

"समझ के नहीं चला सकते जी. जो दिखता, वो."

ह्यांचे कान लाल झाले. आणि मग त्यांनी तेच केलं जे वर्षभर करत आले होते. माझ्याकडे वळले. "तिले विचार, तिनं कोनता सांगतला व्हता मले."

ती खाली पाहत होती. नॉब हातात तसाच धरून तिचा बाप तिच्याकडे पाहत होता. हेच पाहायला तो माणूस आज आला होता, आणि हेच पाहायला लागू नये म्हणून वर्षभर आला नव्हता. मला संताप आला. एक वर्ष मी दोघांच्या मधे उभी होते. मी तोंड मिटून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. ह्यांनी दोनदा खाकरून पाहिलं, मी वळले नाही.

मग हे खाली बसले आणि टेबलाखाली शिरले.

"अवं," टेबलाखालून आवाज आला, खणखणीत, "तू पच्चा म्हनली व्हती का नाही?"

"म्हनली होती!" ती म्हणाली. सवयीनं तिचा आवाज चढला होता. "पच्चा म्हणजे पिवळा, मामय्या!"

"पच्चा म्हन्जे हिरवा! आयुष्य गेलं माहं या बाजारात, तेलुगू नोको शिकवू मले! पच्चा झेंडा कोनता असते?"

"आणि पच्चा कामेर्लु? कावीळ झाली की माणूस हिरवा होते का?"

टेबलाखाली पक्कड आपटली. मग, "ते येगळं!"

"अंड्यातला पच्चा बलक हिरवा असते का? हिरव्याला मी आकुपच्चा म्हणते. तुमी तिसरी वायर विचारलीच नाही!"

"लाल कळला, हिरवा कळला, मंग उरला तो पिवळा! इचारायचं काऊन?"

"काऊन म्हणजे? काऊन नाही विचारलं? मी इथं स्टुलावर काय मिरच्या वाळवत बसली होती?"

माझ्या मिरच्या! शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून आमच्या खिडकीकडे पाहायला लागली. सून स्टुलावर बसलीसुद्धा होती, पदर कमरेला खोचून, एक हात कमरेवर. तिनं एकदाही वडिलांकडे पाहिलं नाही. ते तिथं आहेत हेच विसरली होती.

व्याह्यांच्या हातातला नॉब सुटला. गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली. ते मला म्हणाले, अगदी हळू, "छोटी थी तब क्वार्टर की दीवार पर बैठती थी. मैं गाड़ी लेके निकला तो ऊपर से सिग्नल बताती. एर्रा नान्ना, पच्चा नान्ना, आकुपच्चा नान्ना. पूरी कॉलनी को सुनाई देता." चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मग बाह्या वर केल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "सरको बावगारु. दोनों वायर बदलनी पड़ेगी. मैं पकडता."

मी चहा घेऊन वर गेले तेव्हा टेबलाखालून दोन जोड्या पाय बाहेर आले होते आणि खाली दोघा व्याह्यांचं हिंदीत जुंपलं होतं. ती स्टुलावर बसून रंग ओरडत होती, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला तेलुगूत. मला पाहून म्हणाली, "अत्तम्मा, मामय्यांना सांगा, ती वायर..." आणि थांबली. "नको. मीच सांगते."

"वदिनगारु," खालून व्याह्यांनी विचारलं, "बस चली गई क्या?"

बसला अजून वेळ होता. "गई," मी म्हटलं.

खाली आले आणि दाराजवळची त्यांची पिशवी उचलली. जेवून निघणाऱ्या माणसाच्या मानानं ती जड होती. आत न्यायला गेले तर अर्धवट लागलेली चेन उघडली. वर घडी केलेली लुंगी, टॉवेल, दाताची पावडर. सकाळपासून ती दाराशी तशीच पडून होती. मी लुंगी काढून झटकली आणि आतल्या दोरीवर आमच्या ह्यांच्या लुंगीशेजारी टाकली. वरून ती पुन्हा ओरडली, या वेळी दोघांवर.